गेल्या नाताळात आणलेलं पॉइन्सेटियाचं झाड यंदा लालच होत नाहीये, काय चुकतंय?

बहुतेक लाइट चुकतोय, खत नाही. लाल दिसतात ती फुलं नाहीतच, पानं आहेत, खरी फुलं म्हणजे मधोमध असतात ते पिवळट बारीक दाणे. आणि ही पानं रात्र मोठी झाली की मगच रंगतात, म्हणजे रोज साधारण 14 तास सलग मिट्ट काळोख, तोही दीड-दोन महिने, मध्येच कुणी गॅलरीतला बल्ब लावला की गडबड होते. माझी कुंडी जिन्याच्या ट्यूबलाइटखाली होती, दोन वर्षं नुसती हिरवीगार, मग ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी सहाला वर पुठ्ठ्याचा खोका पालथा घालायचा आणि सकाळी आठला काढायचा असं सुरू केलं, डिसेंबरात आधी शेंड्याच्या पानांच्या शिरा लाल झाल्या आणि मग अख्खं पान, इतका आनंद झाला ना! दिवसा मात्र भरपूर उजेड हवाच.

झाड मूळचं मेक्सिकोचं, तिथे त्याला नोचेबुएना म्हणतात, म्हणजे नाताळची आदली रात्र. तिथले अमेरिकेचे राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी 1820 च्या दशकात ते आपल्या देशात नेलं, नाव त्यांच्यावरूनच पडलं.

आणि हो, नाताळच्या लाइटच्या माळा त्याच्यावर आत्ताच गुंडाळू नका, पूर्ण रंग येऊ द्या. छाटताना पांढरा चीक निघतो, काहींना खाज येते, हात धुवा.