पत्र्याच्या घरातून स्लॅबच्या पट्टीला विरोध

प्रश्न : ताई, आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. ग्रामसभेत विषय निघाला की नव्या पाइपलाइनसाठी स्लॅबच्या घरांची घरपट्टी वाढवायची, पत्र्याच्या आणि कौलाच्या घरांना वाढ नाही. आमचं घर पत्र्याचं, भाऊजी कुपवाड एमआयडीसीत 14 हजारांवर, तरी सगळ्यात जोरात विरोध त्यांनीच केला. घरी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, आपण काय जन्मभर पत्र्यातच राहणार का?" पाणी दोन दिवसाआड येतं, हंडे मीच आणते. काय समजावू त्यांना?

उत्तर : आधी एक सांगते, भाऊजींवर चिडू नका. कर म्हटलं की माणूस आजचा पगार धरत नाही, उद्याचा धरतो. बेनाबू आणि ओक या दोन अर्थतज्ज्ञांनी 2001 साली हेच मांडलं, की श्रीमंतांवरच्या कराला कमी कमाईवालेपण विरोध करतात कारण उद्या आपणही तिथं असू असं त्यांना वाटतं. आणि आपल्याकडं ही आशा काय हवेतली नाही हो, विटा-आटपाडीकडची किती पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेली आणि गावाकडं बंगले उभे केले, ते भाऊजींनी बघितलंयच की.

पण त्याच दोघांनी असंही म्हटलंय की माणूस जोखमीला घाबरत असेल तर हे गणित फिरतं, कारण उद्या वर जाऊ तसं खालीपण येऊ शकतो, कंपनीनं ब्रेक देऊन घरी बसवलं तर काय? भाऊजींची पगार स्लिप काढायला लावा, व्यवसाय कर महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. हा कर महाराष्ट्रानं 1975 साली रोजगार हमीच्या खर्चासाठी लावला, आणि ती योजना ज्यांच्या डोक्यातून आली ते वि. स. पागे तुमच्याच तालुक्यातल्या विसापूरचे. म्हणजे दुसऱ्याच्या पडत्या काळासाठी भाऊजी आत्ताही पैसे देतायत, आणि मला विचाराल तर त्यात त्यांचं नुकसान काहीच नाही, तीच सोय उद्या त्यांनाही आहे.

मग शांतपणे दोनच गोष्टी विचारा. आपल्या घरावर स्लॅब किती वर्षांनी टाकणार, आणि तेव्हा वर्षाला पट्टी नक्की किती रुपयांनी वाढणार? आकडा ग्रामसेवकांकडून लिहून घ्या, पाइपलाइनचं इस्टिमेटपण मागा, लोकांना पैसा कुठं जातो ते दिसलं की विरोध बराच उतरतो.

आणि हो, स्लॅब टाकला की दोन-दोन आठवडे त्यावर पाणी मारावं लागतं. ते काय तुम्ही हंड्यानं आणणार का, हेही विचारा त्यांना.