शुल्त्स म्हणजे जर्मनीतले पाटीलच का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कापसाच्या कामानं आमच्या गावात एक जर्मन पाहुणे येऊन गेले. आडनाव शुल्झ. सोबतच्या दुभाष्यानं सांगितलं, 'हे म्हणजे त्यांच्याकडचे पाटील.' गावात निम्मी घरं पाटलांची, सारेच खूश झाले. हे खरं आहे, का आमचं मन राखायला सांगितलं? – एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बरंचसं खरं आहे. आधी उच्चार दुरुस्त करून घ्या. जर्मनमध्ये शेवटचा 'झेड' हा 'त्स' होतो, म्हणून शुल्त्स.

मूळ शब्द शुल्टहाइस. त्यातल्या 'शुल्ट'चा अर्थ देणं किंवा बांधिलकी आणि 'हाइस'चा अर्थ फर्मावणारा. जमीनदाराचं देणं वेळेवर चुकतं करा असा गावाला हुकूम सोडणारा तो शुल्टहाइस, आणि झिजून झिजून शुल्त्स. वसुली त्याच्याकडे, गावातल्या बारीकसारीक तंट्यांचा निवाडाही त्याच्याकडे. आपल्या वऱ्हाडात पाटील सारा गोळा करी आणि पटवारी दप्तर सांभाळी. त्यातली पाटलाची बाजू शुल्त्सशी चांगली जुळते. नागपूर, भंडारा, चांद्याकडच्या वाचकांनी मात्र त्याला मालगुजार समजू नये. मालगुजार गावाचा मालक होता. शुल्त्स मालकाचा माणूस.

हे आडनाव एवढं पसरलं कसं, हे पाहिलं तर वतनाचीच गोष्ट निघते. बाराव्या-तेराव्या शतकांत एल्ब नदीच्या पूर्वेला जंगल तोडून हजारो नवी गावं वसवली गेली. पश्चिमेकडून कुटुंबं गोळा करून आणायचं काम एका कंत्राटदाराकडे असे. गाव बसलं की पुष्कळदा त्यालाच शुल्त्सकी मिळे, तीही वंशपरंपरेनं. सोबत काही जमीन खंडमाफ आणि गावात वसूल झालेल्या दंडाचा तिसरा हिस्सा. प्रत्येक गावात शुल्त्स एकच, त्यामुळे 'कोणता हान्स?' या प्रश्नाला 'शुल्त्सचा हान्स' हे उत्तर पुरे. गावं हजारो, म्हणून शुल्त्सही हजारो. आज जर्मनीतल्या पहिल्या दहा आडनावांत ते बसतं. पहिल्या नंबरावर म्युलर, म्हणजे गिरणीवाला, आणि त्याचं कारणही तेच.

प्रांत बदलला की रूप बदलतं. मेक्लेनबुर्ग आणि ब्रांडेनबुर्गकडे शुल्त्स. झाक्सन-आनहाल्टकडे शेवटी 'ई' लागतो आणि शुल्त्सं होतं. वेस्टफालियात शुल्टं. फ्रांकेन, हेसन, व्युर्टेमबेर्ग या दक्षिणेच्या पट्ट्यात मूळ शुल्टहाइस टिकून आहे. सायलेशियात शोल्त्स. २०२१ ते २०२५ या काळात जर्मनीचे चॅन्सलर असलेले ओलाफ शोल्त्स आणि युरोपीय संसदेचे २०१२ ते २०१७ या काळातले अध्यक्ष मार्टिन शुल्त्स, दोघांचंही आडनाव एकाच पाटीलकीतून आलेलं. शिकलेल्या घराण्यांनी तर त्याचं लॅटिनही करून टाकलं. संगीतकार मिखाएल प्रेटोरियस (१५७१–१६२१) यांचं घराणं मूळचं शुल्त्संच. पोलंडमध्ये गावप्रमुखाला अजूनही 'सोल्तिस' म्हणतात. तो याच शब्दाचा भाऊबंद.

आता फरक. आपल्याकडे पुष्कळ पाटलांचं मूळ आडनाव वेगळं असतं आणि पाटील हा वर चढलेला मान असतो. लग्नाच्या बोलणीत मूळ आडनाव विचारतातच. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली, तरी नाव राहिलं. जर्मनीत आडनावं साधारण बाराव्या ते सोळाव्या शतकांत घट्ट झाली. त्यानंतर शुल्त्सचा मुलगा चांभारकी करू लागला तरी शुल्त्सच राहिला, आणि गावचा खरा शुल्टहाइस भलत्याच आडनावाचा असू शकला. व्युर्टेमबेर्गमध्ये १९३० पर्यंत गावप्रमुखाला शुल्टहाइस म्हणत, त्याचं आडनाव काहीही असो. शिवाय शुल्त्सच्या शेतावर राबणाऱ्यालाही लोक कधी कधी शुल्त्सच म्हणत. तेव्हा तुमच्या पाहुण्यांचे पूर्वज गावप्रमुखच होते असं पैजेवर सांगता येणार नाही. सालगडीही असू शकतात.

प्रश्न : धान कापायला येणाऱ्या हार्वेस्टरवर 'क्लास' लिहिलेलं असते, औषधाच्या बाटलीवर 'बायर'. हे कंपनीनं बनवलेले शब्द का माणसांची नावं? – एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : दोन्ही आडनावंच. क्लासचा शाळेच्या वर्गाशी संबंध नाही. उत्तर जर्मनीत निकोलाउस या नावाचं लाडकं रूप क्लास, आणि बापाच्या नावावरून पडलेलं हे आडनाव. ऑगुस्ट क्लास यांनी १९१३ मध्ये कारखाना काढला. बायर म्हणजे बव्हेरियाचा माणूस, आपल्या वरुडकर-चांदूरकरांसारखा. फ्रीडरिश बायर यांनी १८६३ मध्ये भागीदारासोबत बार्मेन गावी सुरू केलेला धंदा रंगांचा होता, औषधं पुढची. आणि विदर्भात रोज सर्वांत जास्त बोललं जाणारं जर्मन आडनाव तुम्ही विचारलंच नाही. ते आहे डिझेल. रूडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला नीट चाललं.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी एक जर्मन आडनाव कोणत्या भागातलं ते शोधायचं आहे. इंटरनेटवर नकाशे सापडतात, पण प्रत्येक आडनावाला बर्लिनच गडद दिसतं. – एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : तुम्ही एकूण संख्येचा नकाशा पाहताय. बर्लिनमध्ये माणसंच जास्त, म्हणून सगळंच जास्त. 'दर दहा लाखांमागे' असा पर्याय निवडा, मग खरा गाव-मुलूख वर येईल. हे नकाशे बहुधा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवरून केलेले असतात, म्हणजे एका फोनमागे अख्खं घर. फोनची संख्या ही माणसांची संख्या म्हणून प्रकल्पात लिहू नका.

दुसरा घोळ स्पेलिंगचा. म्युलर शोधताना दोन टिंबांचा 'यू', 'यूई' आणि साधा 'यू' असं तिन्ही प्रकारे शोधा. शुल्त्सला मधला 'टी' असलेला आणि नसलेला, शेवटी 'ई' असलेला आणि नसलेला, असे चार शोध लागतात.

तिसरा घोळ इतिहासाचा. शोल्त्स आज जर्मनीभर विखुरलेले दिसतात, कारण १९४५ नंतर सायलेशिया पोलंडकडे गेला आणि तिथले जर्मन पश्चिमेला आले. अशा आडनावाला आजचा नकाशा चकवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा नकाशा मिळाला तर तोच घ्या.

एका घराण्यापर्यंत जायचं असेल तर सरकारी जन्म-मृत्यू नोंदी साऱ्या जर्मनीत १ जानेवारी १८७६ पासून आहेत, प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून. त्याआधीचं बहुतेक चर्चच्या वह्यांत. त्या 'कुरेंट' लिपीत असतात. मोडी वाचणाऱ्याला हा त्रास ओळखीचा वाटेल : त्यात 'ई' आणि 'एन' जवळपास सारखे, आणि 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या बाकदार रेघेवरून. आधी त्याच पानावर एखादं ठाऊक नाव, योहान किंवा मारिया, शोधा. त्यातली अक्षरं कागदावर उतरवा आणि मग आडनावाकडे वळा. उलट क्रमानं गेलात तर अंदाजानं वाचाल.

वेस्टफालियात तर बाप-लेकांची आडनावं वेगळी निघतात. चूक कारकुनाची नसते. तिथे आडनाव शेताला चिकटलेलं असे. घरजावई होऊन शेतावर आला की तो शेताचं नाव घेई, आणि वहीत 'गेनांट' म्हणजे 'ऊर्फ' असं लिहून दोन्ही नावं येत. हा शब्द सुटला की वंशवेल भलत्याच घरात शिरते.

प्रश्न : मुलगी नर्सिंगसाठी जर्मनीला निघाली आहे. फॉर्मवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव कसं लिहायचं? – एक पालक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : जर्मन फॉर्मवर नुसतं 'नामे' असेल तर तिथे आडनाव लिहायचं. ही चूक सर्रास होते, कारण शब्द आपल्या 'नाव'सारखा दिसतो. 'फामिलियननामे' आणि 'नाखनामे' म्हणजेही आडनावच. 'फोरनामे' म्हणजे स्वतःचं नाव. 'गेबुर्ट्सनामे' म्हणजे जन्माचं आडनाव, लग्न झालेलीनं तिथे माहेरचं लिहावं.

वडिलांच्या नावासाठी वेगळा रकाना नसतो. पासपोर्टवर ते मुलीच्या नावाला जोडून आलं असेल, तर 'फोरनामे'त दोन्ही तसंच्या तसं लिहा. एका कागदावर दोन आणि दुसऱ्यावर एकच, असं झालं की बँकेपासून विम्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी खुलासा मागतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल, किंवा दहावीच्या सनदेवर स्पेलिंग वेगळं असेल, तर व्हिसाच्या अर्जाआधी इथेच दुरुस्त करून घ्या. पदवी आणि नोंदणीच्या कागदांचं भाषांतर त्यानंतरच करा, नाहीतर भाषांतराचा खर्च दोनदा.

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी खोलीच्या टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठी लावायला सांगा. इमारतीत सहसा फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचं कार्ड आणि पिन परत जातात. दुसऱ्याच्या घरी भाडेकरू म्हणून राहत असेल, तर पत्त्यात आपल्या नावाखाली 'बाय' (bei, म्हणजे 'यांच्याकडे') लिहून घरमालकाचं आडनाव टाकायचं.