ताई, चित्रं यायची थांबलीत

ताई, मी चित्रं काढते, ॲब्स्ट्रॅक्ट. आधी स्केच वगैरे काही नाही. पहाटे ध्यानाला बसते, उठले की सरळ कॅनव्हाससमोर, आणि हात आपोआप चालायला लागतो, कुठला रंग घ्यायचा तेसुद्धा मी ठरवत नाही. चित्र झालं की हे मी केलंय असं वाटतच नाही. म्हणून झालेल्या चित्राला मी परत ब्रश लावत नाही, पाप वाटतं, खाली सहीसुद्धा करत नाही. सर म्हणतात उजवीकडचा खालचा कोपरा जड झालाय, त्यावर काम कर. माझ्याच्याने होत नाही. नवरा फ्रेम ठोकून देतो, कॅनव्हास ताणून देतो, पण 'वरून येतं' म्हटलं की हसतो, म्हणतो सरळ सांग ना अंदाजाने रंग मारते म्हणून. मागे एका ग्रुप शोमध्ये एक चित्र विकलं गेलं, त्या बाईंना तसंच अजून एक हवंय, निळ्यामध्ये. त्यानंतर बरेच महिने काहीच येत नाहीये. ध्यानाला बसते, उठते, कॅनव्हास पांढराच. माझं काय चुकलं? जे दिलं होतं ते काढून घेतलं का माझ्याकडून?
— एक चित्रकार (असं म्हणवून घ्यायचीही आता लाज वाटते)

अगं, काढून कोण कशाला घेईल? आणि लाज कसली त्यात.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटतं खरी गोष्ट तू एका ओळीत उरकून पुढे निघून गेलीयेस. निळ्यामध्ये, तसंच, अजून एक. त्याच्या आधी देव, पाप, सर, नवरा सगळ्यांवर भरभरून लिहिलंयस आणि या बाईंना जेमतेम एक ओळ, पण 'त्यानंतर' हा शब्द तूच वापरलायस ना? आधी तू ध्यानाला बसायचीस ती नुसती बसायचीस, उठल्यावर काय होईल ते होईल. आता बसतेस तेव्हा एक डोळा उघडा असतो, आलं का काही, निळं आहे का, मागच्यासारखं आहे का. म्हणजे ध्यानाचा तू ऑर्डरचा काउंटर करून टाकलायस आणि वर विचारतेस की माल का येत नाही. देवाचा यात काही संबंध नाही, असलाच तर तोही बिचारा बघत असेल हिचं काय चाललंय म्हणून.

आता 'मी केलं नाही, माझ्याकडून झालं' याबद्दल. हे तुला वेडेपणाचं वाटत असेल तर वाटू देऊ नकोस, ही फार जुनी भावना आहे आणि भलेभले चित्रकार तुझ्यासारखंच बोललेत. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट घे (1862 ते 1944). ती तर स्पष्ट लिहून गेलीये की चित्रं थेट तिच्यामधून काढली गेली, आधी कुठलंही स्केच नव्हतं. 1907 मध्ये तिने दहा चित्रं केली, एकेक तीन मीटरहून उंच, ती पण अवघ्या काही आठवड्यांत. पण तिच्याबद्दल बोलताना लोक दोन गोष्टी सोडून देतात आणि तुला नेमक्या त्याच दोन हव्यात. एक म्हणजे ही बाई स्टॉकहोमच्या रॉयल अकॅडमीत रीतसर शिकलेली, 1887 ला बाहेर पडली, पुढे कित्येक वर्षं निसर्गचित्रं, पोर्ट्रेट, झाडापानांची शास्त्रीय चित्रं काढून तिने हात घासला. 'वरून' जे काही आलं ते वीसेक वर्षं तयार झालेल्या हातात आलं. आणि दुसरं, 1908 नंतर तिचं हे सगळं काम चक्क चार वर्षं थांबलं. आई आंधळी झाली होती, तिचं करावं लागत होतं, आणखीही काय काय असेल. मग 1912 ला परत सुरू झालं आणि 1915 पर्यंत एकूण 193 चित्रांची मालिका पूर्ण झाली, आणि या दुसऱ्या टप्प्यात तर तिने हात पूर्ण सोडून न देता स्वतः जास्त निर्णय घेतले. चार वर्षं गं. तू काही महिन्यांत हाय खाल्लीस.

नवऱ्याकडे येऊ. खरं सांगू का, मला तो आवडला. अंदाजाने रंग मारते म्हणतो त्यात खवचटपणा आहे, मान्य, पण अर्धी गोष्ट बरोबर आहे, फक्त अंदाज या गोष्टीला तो फार स्वस्तात काढतोय. पातळ केलेला रंग कॅनव्हासवर उतरतोय, तू एक बाजू जराशी उचलतेस, हिरवा ओघळ लालच्या ओल्या कडेपाशी येतो, अजून एक क्षण गेला तर दोन्ही मिसळून गढूळ होणार, आणि तू त्याच्या आत कॅनव्हास सरळ करतेस. आता हे कोणी ठरवलं? डोक्यात विचार येऊन गेला असता तर उशीर झाला असता. डोळ्याने असे शेकडो ओघळ आधी बघितलेत, मनगटाला माहितीये किती कलतं करायचं, विचाराची पाळी यायच्या आधीच काम झालेलं असतं, म्हणून तुला वाटतं मी केलंच नाही. याच्या मागे अजून कोणी आहे का, बोलविता धनी कोण, ते तुझं तू ठरव, त्यात मी पडणार नाही आणि तुझ्या नवऱ्यानेही पडायची गरज नाही. पण त्याला पटवायचं कामच तू सोडून दे. तुझ्या श्रद्धेला त्याची सही लागत नाही. आणि जो माणूस थट्टा करत करत चार कोपरे गुण्यात बसवून, कॅनव्हासला एक सुरकुती न ठेवता ताणून देतो, त्याच्या मनात तुझ्या कामाबद्दल नक्की काय आहे हे तो बोलतो त्यावरून ठरवू नये असं माझं मत.

आता तो कोपरा. इथे मी सरांच्या बाजूने आहे, राग येऊ दे.

चित्र येतं आणि चित्र पूर्ण होतं यात बरंच अंतर असतं. आलेल्याला हात लावायचा नाही हा नियम तुला कोणी घालून दिलाय? ध्यानात तर कोणी येऊन सांगितलं नसेल. कँडिन्स्की घे, चित्रात अध्यात्म आणणाऱ्यांत त्याचं नाव सगळ्यात आधी निघतं. 1913 चं त्याचं 'कॉम्पोझिशन 7' बघितलंस तर वाटेल झपाटल्यासारखं एका दमात उधळलंय, आणि मोठा कॅनव्हास त्याने रंगवला तोही खरोखर चारेक दिवसांत, पण त्याच्या आधी तिसाहून जास्त स्केचेस आणि कच्ची चित्रं झाली होती. मग त्यातलं अध्यात्म कमी झालं का? आपले गायतोंडे तर वर्षाला पाच-सहा चित्रं करायचे, झेनकडे ओढा, बाकी सगळा वेळ बघण्यात आणि विचारात. आणि काम सुरू झालं की रोलर, पॅलेट नाइफ, रंग चढव, खरवड, परत चढव. त्या चित्रांसमोर उभं राहिलं की आपण गप्प होतो, ती शांतता खरवडण्यातून आलेली आहे हे लक्षात घे.

मला तर वाटतं हात न लावण्यामागे तुझी श्रद्धा कमी आणि भीती जास्त आहे. हात लावला आणि बिघडलं तर ते बिघडवणं तुझ्या नावावर जाणार. आणि सुधारलं तर त्याहून वाईट, म्हणजे मग ते आपणच केलेलं असतं की काय! सही न करणं पण त्यातलंच. चांगलं झालं तर त्याचं, वाईट झालं तर मी लावलाच नव्हता हात. ॲग्नेस मार्टिन म्हणून एक चित्रकार होती, प्रेरणेशिवाय ब्रश उचलायचीच नाही, वाट बघत बसायची. तिला पूर्ण चित्र डोळ्यापुढे दिसायचं, पण पोस्टाच्या तिकिटाएवढं. मग ती कागद घेऊन चक्क गणित करायची, की सहा फुटी कॅनव्हासवर या पट्ट्या केवढ्या रुंद येतील. आणि एवढं करून नीट झालं नाही तर चित्र फाडून टाकायची, तिने अशी बरीच नष्ट केली. प्रेरणा खरी होती, चित्र फसलं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि हे तिला कळत होतं.

तर ते चित्र काढ बाहेर. आधी उलटं करून ठेव, म्हणजे वरची बाजू खाली, आणि येता-जाता बघत राहा. जड कोपरा वर गेला की तो खरंच जड आहे का सरांची सवय बोलतेय हे तुला लगेच कळेल. जड वाटलाच तर एक पारदर्शक प्लॅस्टिकची शीट घे, त्या कोपऱ्यावर ठेव आणि शीटवर रंग लावून बघ, थोडा फिका करून, थोडा गार रंग टाकून. नाही आवडलं तर पुसलं, चित्राला धक्काही नाही. हे केल्यावर तुला वाटलं की नाही, कोपरा आहे तसाच हवा, तर सरांना तोंडावर सांग की बघितलं आणि ठेवला. पण बघून ठेवणं वेगळं आणि घाबरून ठेवणं वेगळं.

ध्यान आणि चित्र यांची मात्र सध्या फारकत कर. पहाटे बस, उठ, आणि त्या खोलीत जाऊच नकोस, दुसरं काहीतरी कर. चित्राला दिवसाची दुसरी कुठलीतरी कंटाळवाणी वेळ दे, दुपारची बघ, तेव्हा कोणालाच काही साक्षात्कार होत नाहीत. कॅनव्हासही नको, साधे कागद घे आणि पेल्यात पडलेला उजेड, दाराची कड, स्वतःचा डावा हात, असलं काहीही काढ. भिकार निघेल, निघू दे. तुला काही 'आणायचं' नाहीये, नुसता हात हलता ठेवायचाय. किती दिवस म्हणून विचारू नकोस, ते मोजायला लागलीस की परत काउंटर उघडलाच म्हणून समज.

एक मधेच सांगून ठेवते, तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण कधी जर हे 'आपोआप' चित्राबाहेर यायला लागलं, म्हणजे आवाज हुकूम करतायत, रात्ररात्र झोप नाही, जेवणखाण सुटलंय, तर मग ते प्रेरणा-बिरणा म्हणत घरात बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं.

सही कॅनव्हासच्या मागे कर, तारीख टाकून. पुढे करायची का ते नंतर बघू.

आणि त्या बाईंना आजच कळव की तसंच दुसरं होणार नाही. निळं कधी झालंच तर सगळ्यात आधी तुम्हाला दाखवीन, एवढं म्हण, कारणं देत बसू नकोस, ध्यान-बिन तर अजिबात मधे आणू नकोस. पत्रात तू ॲडव्हान्सबद्दल काही लिहिलं नाहीयेस आणि म्हणूनच मला शंका येतेय. घेतला असशील तर आधी तो परत कर, मग कागद आणायला जा.

— ताई