पोकरला ब्रेक, पण पैसे टेबलावरच?

पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका वाचकाचं पत्र आलंय. दोन विषय बॅकलॉगमध्ये, आणि आठवड्यातल्या तीन-चार रात्री ऑनलाइन पोकर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, भारतीय साइट्सनी टेबलं बंद केली, तेव्हा ते मित्राच्या सांगण्यावरून एका परदेशी अ‍ॅपवर गेले. १०-२० च्या टेबलावर आठ महिन्यांत ४०,००० हँड्स (पत्त्यांचे डाव) आणि ४०,००० रुपये नफा. अ‍ॅपमध्ये सुमारे ६०,००० रुपयांचे यूएसडीटी (डॉलरशी जोडलेलं क्रिप्टो चलन) पडून आहेत, बचत खात्यात ५५,०००. शैक्षणिक कर्ज ३ लाख, साडेदहा टक्क्यांनी. ते विचारतात, "वर्षभर ब्रेक घेतो, पण बँकरोल (खेळासाठी ठेवलेली रक्कम) तसाच ठेवू का? महिन्याचे पाच हजार सोडायचे जिवावर येतं."

आधी त्या पाच हजारांचं बघू. १०-२० च्या टेबलावर बिग ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांतली मोठी, २० रुपयांचा, म्हणजे तुमचा नफा २,००० बिग ब्लाइंड. शंभर हँड्समागे पाच. आकडा चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात शंभर हँड्समागे ९० बिग ब्लाइंडच्या आसपास चढउतार धरतात. ४०,००० हँड्सना तो हिशेब लावला तर निव्वळ नशिबाने १,८०० बिग ब्लाइंड, म्हणजे ३६,००० रुपये इकडचे तिकडे होऊ शकतात. नफा ४०,०००, त्यात नशिबाचा वारा ३६,००० चा! तुम्ही चांगले खेळता की पत्तेच चांगले आले, हे एवढ्यावरून तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. त्यामुळे याला मी 'महिन्याचं उत्पन्न' म्हणणार नाही.

दोन टेबलं एकदम लावून हे ४०,००० हँड्स व्हायला तीनेकशे तास गेले असतील. तासाला १३३ रुपये पडले. त्यावर उपकर धरून ३१.२ टक्के कर. करमुक्त मर्यादेचा फायदा या उत्पन्नाला मिळत नाही. हातात उरतात नव्वदेक रुपये. दुसऱ्या बाजूला तुमचे दोन बॅकलॉग आहेत. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या बॅकलॉग असलेल्याला बसूच देत नाहीत. साडेतीन लाखांचं साधं पॅकेज धरलं, तरी इयर डाऊन झाल्यास, म्हणजे वर्ष वाया गेल्यास, तेवढंच नुकसान, वर कर्जावर आणखी वर्षभराचं व्याज. ब्रेक घ्यायलाच हवा, यात माझ्या मनात शंका नाही.

मात्र अ‍ॅपमध्ये ६०,००० ठेवून घेतलेला ब्रेक पेपर अवघड गेला त्या रात्रीच संपतो. पैसे काढा, सगळे. कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि व्यवहार पार पाडणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. पण त्या अ‍ॅपने उद्या खातं अडकवलं तर तक्रार करणार कुठे? आधी छोटी रक्कम काढून बघा. "विड्रॉलसाठी आधी कर भरा" असा मेसेज आला तर एक रुपयाही पाठवू नका, तेवढ्यावर पाणी सोडा.

यूएसडीटी विकताना टेलिग्रामवर दोन रुपये जास्त देणारा कुणीतरी भेटेल. त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याने पाठवलेली रक्कम सायबर फसवणुकीतली निघाली तर तुमचं खातं गोठतं, आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा सोडून तुम्ही परराज्यातल्या पोलीस ठाण्याला मेल लिहीत बसता. फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नोंदणी असलेल्या क्रिप्टो एक्स्चेंजवरच विका. तिथे एक टक्का टीडीएस कापला जाईल, जाऊ दे.

आता हातात १,१५,०००. साडेबारा हजार करासाठी बाजूला काढा. २५,००० बचत खात्यात राहू द्या, फॉर्म, पुस्तकं, आजारपण यांसाठी. उरलेल्यातले ७५,००० सरळ कर्जात भरा. तुमच्या कर्जावर महिन्याला २,६२५ रुपये व्याज साचतंय. शिक्षण आणि त्यानंतरची सवलतीची मुदत संपली की ते मुद्दलात मिसळतं आणि हप्ता त्या फुगलेल्या रकमेवर बसतो. ७५,००० आत्ता गेले तर सात वर्षांच्या मुदतीत हप्ता महिन्याला किमान १,२६० रुपयांनी कमी बसेल. एफडी का नको, असं विचाराल. एक तर एफडीला साडेदहा टक्के मिळत नाहीत, आणि दुसरं म्हणजे एफडी रात्री दोन वाजता मोबाइलवरून मोडता येते. कर्जात भरलेले पैसे परत काढता येत नाहीत. तुमच्या बाबतीत मला हेच जास्त मोलाचं वाटतं. फक्त भरण्याआधी शाखेत विचारा : शिक्षण चालू असताना दर महिन्याचं व्याज भरल्यास काही बँका दरात एक टक्का सूट देतात. तुमची बँक देत असेल तर मला कळवा, गणित पुन्हा मांडू.

हे सगळं करूनही हात अ‍ॅपकडे वळत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर बोला. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

डिग्रीनंतर परत खेळू का, हेही तुम्ही विचारलंय. आजच्या कायद्यात त्याला सरळ वाट नाही, म्हणून त्यासाठी पैसे राखून ठेवायला मी सांगणार नाही. रिटर्न मात्र चुकवू नका. परदेशी अ‍ॅपने टीडीएस कापला नाही म्हणून कर माफ होत नाही. आयटीआर-१ इथे चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागेल, आणि त्यासाठी अ‍ॅपमधली डिपॉझिट-विड्रॉलची सगळी नोंद खातं बंद करण्याआधी उतरवून घ्या.