मिलिमीटर कसले, बेझेलचे की पिचचे?

प्रश्न : अंबडच्या आमच्या कारखान्यात कंट्रोल रूममधल्या व्हिडिओ वॉलसाठी, म्हणजे पडदे जोडून केलेल्या मोठ्या भिंतीसाठी, दोन कोटेशनं आली आहेत. एकात 'बेझेल ३.५ मिमी', दुसऱ्यात 'पी १.८'. फट निम्मीच, म्हणून दुसरं घ्यावं का?

उत्तर : सही करू नका! ही दोन मापं एका तराजूत बसत नाहीत. पहिलं कोटेशन एलसीडीचं आहे. पॅनेल शेजारी-शेजारी लावले की दोन चित्रांमध्ये काळी रेघ उरते, ती बेझेलची, म्हणजे पॅनेलच्या कडेच्या चौकटीची. हा आकडा एका कडेचा की दोन्ही मिळून, तेही विचारा; इथे बरेच जण फसतात. दुसरं एलईडी भिंतीचं. तिथे अशी काळी चौकट नसते. १.८ मिमी हे दोन शेजारच्या ठिपक्यांच्या मध्यांतलं अंतर, म्हणजे पिक्सेल पिच. १९२० ठिपक्यांचं फुल एचडी चित्र दाखवायला जवळजवळ साडेतीन मीटर रुंद भिंत लागेल. उलट ५५ इंची फुल एचडी एलसीडीचा पिच ०.६३ मिमीच्या आसपास असतो. तुम्ही स्काडावरचे (कारखान्यातली यंत्रं दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीवरचे) बारीक आकडे वाचणार असाल, तर काळी रेघ सोसून मी एलसीडी घेईन. कॅमेरे आणि नकाशेच बघायचे असतील, तर एलईडी. ढोबळ हिशेब असा, की पिच जितके मिमी, खुर्ची निदान तितके मीटर लांब हवी.

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या सोसायटीत १६ कॅमेरे आहेत. घरचेच चार टीव्ही जोडून भिंत केली तर?

उत्तर : कशाला? १६ चौकटींना एक मोठा मॉनिटर पुरतो. घरचा टीव्ही २४ तास चालायला बनवलेला नसतो, आणि त्याच्या जाड कडांमध्ये गेटवरचा माणूस अर्धा कापला जाईल.

प्रश्न : इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी आहे. मॅट्रिक्स, वॉल कंट्रोलर आणि केव्हीएम यांत नेहमी गोंधळ होतो.

उत्तर : मॅट्रिक्स म्हणजे रेल्वेचा सांधा : कोणतीही गाडी कोणत्याही फलाटावर, तसं कोणतंही चित्र कोणत्याही पडद्यावर, पण अख्खं. चित्र नऊ पडद्यांवर पसरवणं, त्यावर छोट्या खिडक्या उघडणं, हे काम कंट्रोलरचं. केव्हीएम भिंतीसाठी नव्हे, ऑपरेटरच्या टेबलासाठी असतं. कॉम्प्युटर आतल्या थंड खोलीत राहतात, बाहेर फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर. शिफ्टभर कॉम्प्युटरच्या पंख्यांची घरघर ऐकलेला माणूस याची किंमत सांगेल.

प्रश्न : पंचवटीतल्या दुकानाचा कॅमेरा घरून बघतो. नोकर फोनवर 'गिऱ्हाईक आलं' म्हणतो, चित्रात ते नंतर दिसतं. कॅमेरा खराब आहे का?

उत्तर : नाही. कॅमेरा चित्र आवळतो, नेटवरून ते येतं, तुमच्याकडचं यंत्र थोडं साठवून उलगडतं. या उशिराला लेटन्सी म्हणतात. नुसतं बघायला सेकंदभराचा उशीर चालून जातो. पण सिंहस्थात रामकुंडावरचा फिरता कॅमेरा जॉयस्टिकने वळवायचा असेल, तर अर्धा सेकंदही नडतो : हात थांबेपर्यंत कॅमेरा पुढे गेलेला असतो.