विचारा, सांगतो : माहेरचा सातबारा सातपुरातून
(उत्तरं देतात : महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक नायब तहसीलदार, नाशिक)

प्रश्न : माझं माहेर निफाड तालुक्यात, सासर नाशिकला. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे, असं भाऊ सांगतो. गावातली मैत्रीण म्हणते, नोंद चालू आहे. भावाला खोदून विचारलं तर तो दुखावतो. एका दुकानदाराने उतारा काढून द्यायचे तीनशे रुपये सांगितले. मला कोणालाही न विचारता बघता येईल का? – एक भगिनी, सातपूर

उत्तर : ताई, येईल, आणि नुसतं बघायला एक पैसाही लागत नाही. मोबाइलवर महाभूलेख उघडा. पत्ता : भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. विभाग नाशिक, मग जिल्हा, तालुका निफाड आणि तुमचं गाव निवडा. गट नंबर पाठ नसेल तर नावावरूनही शोधता येतं. फक्त वडिलांचं घरातलं नाव टाकू नका. आपल्याकडे माणूस गावभर ‘अण्णा’ असतो आणि दप्तरी भलत्याच नावाने असतो. नुसतं आडनाव टाकून पाहिलंत तर यादी लांब येईल, पण त्यात वडील सापडतील.

उतारा उघडला की खातेदाराचं नाव, क्षेत्र आणि शेजारचा फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक, पाहा. मग खाली या. तिथे ‘प्रलंबित फेरफार’ आणि ‘शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक’ असे रकाने असतात. शेवटच्या फेरफाराची तारीख वडिलांच्या निधनानंतरची असेल, तर मैत्रिणीच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. हा फुकटचा उतारा माहितीपुरता. बँकेत किंवा कोर्टात द्यायचा असेल तर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही.

पण तुमच्या कामाचं खरं पान वेगळंच आहे. ‘आपली चावडी’ नावाचं. फेरफाराची नोंद धरली की संबंधितांना नोटीस काढायची आणि तीच चावडीवर लावायची, असा नियम आहे. हरकतीसाठी १५ दिवस असतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. माझी सगळी नोकरी या नोटिसा पाहण्यात गेली. चावडीच्या भिंतीवरची फळी, तिच्यावर टाचणीला लटकलेला कागद, पावसाळ्यात शाई उतरलेली. गावात राहणाऱ्यालाच तो दिसायचा, आणि त्यातल्याही थोड्यांना. नांदायला गेलेल्या मुलीला तो कधी दिसणार? आज तीच नोटीस तुमच्या हातातल्या मोबाइलवर आहे. गाव निवडलं की चालू फेरफारांची यादी येते : फेरफार नंबर, प्रकार, तारीख, हरकतीची शेवटची तारीख, गट नंबर आणि शेवटी ‘पहा’. प्रकारात ‘वारस’ किंवा ‘हक्कसोड’ (म्हणजे कोणी आपला वाटा सोडल्याची नोंद) दिसलं की ‘पहा’ दाबा आणि नावं नीट वाचा.

तुमचं नाव गळलेलं असेल तर मुदतीच्या आत तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. नोंद आधीच मंजूर झाली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं. आणि धीर सोडू नका. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिच्यामुळे मालकी बुडत नाही. हिंदू वारसा कायद्यात मुलगी आणि मुलगा वडिलांचे सारखेच वारस आहेत. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. तुम्ही सही केली नसेल तर कोऱ्या कागदावरच्या ‘संमती’ला अर्थ नाही.

अजून काहीच नोंद नसेल तर भावाला बाजूला ठेवून नव्हे, बरोबर घेऊन वारस नोंदीचा अर्ज करा. ई-हक्क प्रणालीवर तो घरबसल्या भरता येतो. भावाचं मन तुम्ही जाणता. मला एवढंच वाटतं की उतारा हातात असला की बोलणं सोपं होतं.

प्रश्न : इतकी संकेतस्थळं आहेत, तरी लोकांना माहीत नाहीत. दोष कोणाचा? – एक ज्येष्ठ वाचक, नाशिकरोड

उत्तर : मी तो लोकांवर टाकणार नाही. पोर्टल सुरू झालं की फलक लागतात, पण कोणत्या प्रसंगी कोणतं पान उघडायचं हे कोणी सांगत नाही. घरात माणूस गेल्यावर कुटुंब मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जातंच. त्या दाखल्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी : वारस नोंद इथे करा, नोटीस इथे बघा. खर्च कागदाचा. लग्नाच्या नोंदणीबरोबर, खरेदीखताबरोबर अशीच चिठ्ठी देता येईल. कोणी अधिकारी हे वाचत असतील तर त्यांना माझी ही कळकळीची विनंती आहे. आणि वाचकहो, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, हे बघितल्याशिवाय आधार क्रमांक किंवा पैसे कुठेही टाकू नका. हुबेहूब दिसणारी खोटी पानं बरीच आहेत.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी ‘आपले सरकार’वर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला. मुदत उलटली, दाखला नाही. एजंट गाठू का? – एक पालक, सिन्नर

उत्तर : नका गाठू. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने तुम्हाला ठरलेल्या मुदतीत दाखला मागण्याचा हक्क दिला आहे. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत त्याच पोर्टलवर पहिलं अपील टाका. अर्जाचा क्रमांक जपून ठेवला असेलच. तिथे दाद मिळाली नाही तर दुसरं अपील, आणि मग थेट लोकसेवा हक्क आयोग. विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अपील म्हणजे भांडण असं समजून पुष्कळ जण मागे राहतात. ते भांडण नाही. अर्जाचाच पुढचा टप्पा आहे, आणि तो आजच टाका, कारण प्रवेशाची तारीख थांबणार नाही.