काटा लालवर गेला म्हणून एफडी मोडायची का?

नाशिकच्या सिडकोतल्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं. ऑक्टोबर २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर चाललेली. महिनाभर टेम्परेचरचा काटा ताळ्यावर नाही. सकाळी अंबडला कंपनीत निघालं की गल्लीच्या टोकालाच लालवर जातो, मध्येच धपकन खाली पडतो. मेकॅनिक म्हणतो, "हेड गॅस्केट गेलं असणार, ३५ हजार धरून चला." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याखालचं सील.) शोरूमवाला जुनी गाडी ७० हजारांना घेतोय. पगार हातात ५८ हजार, घराचा हप्ता १७ हजार, एफडी एकच, २ लाख २० हजारांची. त्यातले दीड लाख मोडून आणि ६ लाखांचं कर्ज काढून नवी गाडी घ्यावी का?

नमस्कार. तुमच्या पत्रात पैशांचे आकडे बरेच आहेत, पण मी तीनदा वाचलं ते वेगळंच वाक्य: "हेडलाइट लावले की काटा आणखी वर सरकतो." दिवे लावून इंजिन तापत नाही हो! आणि रात्रभर थंड पडलेलं इंजिन गल्लीच्या टोकापर्यंत उकळतही नाही. कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) वरून टाकावं लागलेलं नाही, वाफ नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. मी मेकॅनिक नाही, पण ही लक्षणं वायरिंगची वाटतात. बहुधा अर्थिंग, कनेक्टर किंवा तापमान मोजणारा खुद्द सेन्सर.

हा सेन्सर साधा असतो. गार असताना त्याचा विद्युतरोध दोन-तीन हजार ओहम, इंजिन नव्वद अंशांवर आलं की दोन-तीनशे. रोध जितका कमी, तितका काटा वर. वायर घासून बॉडीला टेकली तर मीटरला वाटतं इंजिन पेटलंय. कनेक्टर सुटला तर वाटतं बर्फ आहे. काटा खाली पडतो तो बहुधा यामुळेच. एक मात्र सांगतो, काटा खाली आहे म्हणून इंजिन गार आहे असं समजू नका. कुलंट गळून सेन्सर कोरडा पडला तरीही काटा खालीच दिसू शकतो.

म्हणून आधी हजार-दीड हजार खर्च करा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कुलंटची पातळी बघा (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, चेहरा भाजतो). मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. तुमच्या गाडीला स्टिअरिंगखाली तो जोडायचं सॉकेट असणार. पण गाडी रात्री त्याच्याकडेच ठेवा, म्हणजे रीडिंग थंड इंजिनचं मिळेल. ते हवेच्या तापमानाच्या आसपास यायला हवं, मग हळूहळू नव्वदच्या पुढे चढून फॅन लागला की उतरायला हवं. स्कॅनर बरोबर आणि काटाच खोटा, तर मीटर, त्याची वायर किंवा अर्थिंग. काही गाड्यांत काट्याचा आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, सेन्सर वेगळा असतो, तेही त्याला विचारा. थंड इंजिनवर स्कॅनरही ११०-१२० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. सेन्सर शेकड्यांत येतो, ओरिजिनल घेतला तर फार तर हजार-दोन हजार.

गॅस्केटची चिन्हं वेगळी असतात. गळती दिसत नसताना कुलंट कमी होणं, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर, रेडिएटरमध्ये बुडबुडे. यातलं एकही नसताना ३५ हजार मोजून इंजिन उघडायला देऊ नका.

आता हिशेब. ६ लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता १२,६००. एकूण व्याज सुमारे १ लाख ५६ हजार. घराचा मिळून २९,६०० रुपये, म्हणजे हातातल्या पगाराचे ५१ टक्के. आणि एफडीत उरतात ७० हजार. कंपनीत ले-ऑफ झाला किंवा घरात कुणी दवाखान्यात गेलं, तर त्यात दोन्ही हप्ते जेमतेम दोन महिने निघतात. मला या व्यवहारातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. व्याज परवडेल, पण ही उघडी पाठ परवडणार नाही.

"सत्तर हजारांच्या गाडीत ३५ हजार घालायचे?" असं घरचे म्हणतील. पण ३५ हजार म्हणजे नव्या गाडीचे तीन हप्तेसुद्धा नाहीत. गॅस्केट खरंच गेलं असलं, तरी दुरुस्तीनंतर गाडी वर्षभर चालली तर पैसे वसूल. अंदाज ५० हजारांच्या वर गेला, तर मात्र आहे तशी विका.

आणि नवी गाडी हवीच असेल, तर घ्या की! त्यात लाजायचं काय? फक्त खापर काट्यावर फोडू नका. ऑक्टोबर २०२८ला नोंदणीची १५ वर्षं भरतील, तेव्हा आरटीओची तपासणी, ५ हजार नूतनीकरण शुल्क आणि वर पर्यावरण कर येईल. गाडी बदलायचा खरा टप्पा तो. आजपासून दरमहा ६ हजारांची आरडी लावा. साडेसहा टक्क्यांनी २४ महिन्यांत सुमारे १ लाख ५४ हजार होतात. डाउन पेमेंट एफडीला हात न लावता उभं राहतं, आणि हप्त्याची सवय झेपते का तेही कळतं.

तोवर काटा खोटा आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. माझ्या पहिल्या गाडीचा काटा रोज थापा मारायचा, म्हणून मी बघणंच सोडलं. लांडगा खरंच आला तो कसारा घाटात. हेड वाकलं, २२ हजार गेले, आणि विम्याने एक रुपया दिला नाही, कारण साध्या पॉलिसीत अशी यांत्रिक बिघाडाची भरपाई नसते. तेव्हा रीडिंग येईपर्यंत घाट नको, वणीच्या गडालासुद्धा नको. अंबडपर्यंत कुलंट बघून जा.

शोरूमला टोकन दिलं असेल तर पावतीवर परताव्याची अट काय आहे ते आजच वाचा. स्कॅनरचे आकडे आले की कळवा.